भाचीचे प्रमाणपत्र आणि आमचा तो स्टॅम्पपेपर

आज दुपारी भाचीचा फोन आला, तेव्हा तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "मावशी, सगळी लायसन्स मिळाली!" असे म्हणून तिने लगेच मोबाईलवर एक प्रमाणपत्र पाठवले. ते उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, होते. त्यासाठी तिने कुठल्याशा संकेतस्थळावर साडेतीन हजार रुपये भरले होते, कारण ते संकेतस्थळ दिसायला हुबेहूब सरकारी होते आणि फोनवरच्या माणसाने तिला छातीठोकपणे सांगितले होते की यात सगळे परवाने आले, आता तुम्ही बिनधास्त विक्री करा.

उद्यम नोंदणीसाठी शासन एक रुपयाही घेत नाही. १ जुलै २०२० रोजी ही व्यवस्था सुरू झाली तेव्हापासून ती विनामूल्य आहे. आधार आणि पॅन क्रमांक द्यायचा, व्यवसायाची माहिती स्वतःच घोषित करायची, एकही कागद अपलोड करायचा नाही आणि पुढे नूतनीकरणाची कटकटही नाही, इतके ते सोपे आहे. हे तिला सांगताना माझा आवाज चढला आणि ती एकदम गप्प झाली. तिच्यावर ओरडायला नको होते. राग तिच्यावर नव्हताच, म्हणून तो इथे लिहून काढते आहे.

साडेतीन हजार गेले, त्याचे एक वेळ सोडून देऊ. "यात सगळे परवाने आले" हे वाक्य मात्र मला सोडवत नाही. ही मुलगी चेहऱ्याला लावायची क्रीम आणि लिप बाम घरी तयार करून विकणार आहे. सौंदर्यप्रसाधने विक्रीसाठी बनवायची असतील, तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालचे २०२० चे नियम यांनुसार अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. त्यासाठी जागा कशी असावी, यंत्रसामग्री कोणती असावी, देखरेखीला कोणत्या शिक्षणाची व्यक्ती असावी, हे सगळे ठरलेले आहे. उद्यम प्रमाणपत्राचा या परवान्याशी काडीचाही संबंध नाही. तुमचा उद्योग सूक्ष्म आहे, लघु आहे की मध्यम, एवढीच नोंद ते करते. आपण अस्तित्वात आहोत असे शासनाला कळवणे म्हणजे नोंदणी, आणि एखादे विशिष्ट काम करण्याची मुभा शासनाकडून मिळवणे म्हणजे परवाना. या दोन गोष्टींतला फरक त्या माणसाला ठाऊक नव्हता असे मी मानायला तयार नाही.

माझा आवाज का चढला, ते सांगते. १९९९ साली मी आणि माझ्या एका मैत्रिणीने पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा आम्हीही अशाच एका कागदावर विसंबलो होतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर भागीदारीचा करार टाईप करून घेतला, दोघींनी सह्या केल्या, नोटरीचा लाल शिक्का मारून घेतला आणि संस्थेची नोंदणी झाली असे समजून आम्ही घरी आलो. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. नोटरीने सह्या आमच्याच असल्याची खातरजमा केली होती, त्यापलीकडे काही नाही. भागीदारी संस्थेची नोंदणी निबंधकाच्या, म्हणजे अशा संस्थांच्या सरकारी रजिस्ट्रारच्या, दप्तरी होते आणि तिथे आम्ही कधी पाऊलही ठेवले नव्हते.

दोन वर्षे काम उत्तम चालले. मग एका मोठ्या ग्राहकाने पैसे थकवले. आज देतो, उद्या देतो करत त्याने आम्हाला इतके झुलवले की वकिलाकडे जायलाच आम्हाला अडीच वर्षे लागली. वकिलांनी करार हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि विचारले, "नोंदणी कुठे आहे?" मी लाल शिक्क्यावर बोट ठेवले. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेली भागीदारी संस्था करारातून मिळणाऱ्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळले. आणि त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की तो ग्राहक मात्र आमच्यावर खुशाल दावा लावू शकत होता. दावा लावण्याआधी नोंदणी करून घेतली तरी चालते, असे वकील म्हणाले. पण तोवर मैत्रीण लग्न होऊन परगावी गेली होती, अर्जावर तिची सही हवी होती, आणि विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत संपत आली होती. ती मुदत आमच्या डोळ्यांदेखत संपली.

म्हणून भाचीला आज मी पहिला प्रश्न हाच विचारला की हा व्यवसाय नेमका कोणाचा आहे? तिची एक मैत्रीण यात अर्धे पैसे घालते आहे. उद्यमच्या अर्जात मात्र त्या माणसाने "प्रोप्रायटर", म्हणजे एकमेव मालक, म्हणून एकट्या भाचीचे नाव टाकून दिले. उद्या कमाई झाली तर ती कायद्याने एकीची, आणि कर्ज झाले तर तेही एकीचेच, तिच्या वैयक्तिक मालमत्तेसकट. दोघी असतील तर भागीदारीचा करार करा आणि त्याची निबंधकाकडे खरीखुरी नोंदणी करा. नाहीतर २००८ च्या कायद्याखाली एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करा, म्हणजे धंद्याच्या देण्यापायी घरदार पणाला लागत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हाही मार्ग आहे, पण त्यात दरवर्षीचे हिशोब, लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे यांचा व्याप असतो आणि दोन मुलींच्या पहिल्या वर्षाला तो झेपेल असे मला वाटत नाही. हा निर्णय आधी झाला पाहिजे. पॅन कोणाच्या नावाचा, बँकेत खाते कोणाचे, परवान्यावर नाव कोणाचे, हे सगळे त्यावरच ठरते.

त्यानंतर दुकाने कायदा, ज्याला आपण अजूनही शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता म्हणतो. १९४८ चा जुना कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीच्या बंधनातून मोकळे केले गेले. अशा आस्थापनेने व्यवसाय सुरू केल्यापासून साठ दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पोच घ्यायची. ती पोच जपून ठेवावी, कारण एकट्याच्या व्यवसायाचे चालू खाते उघडताना बँक व्यवसाय सुरू असल्याचे साधारणतः दोन पुरावे मागते आणि तिथे ही पोच व उद्यम प्रमाणपत्र दोन्ही उपयोगी पडतात. त्या अर्थाने भाचीच्या हातातला कागद फुकट गेला नाही, एवढे मान्य करते.

व्यवसाय कर तर कोणी सांगतच नाही. तुमच्याकडे एकही नोकर नसला तरी व्यवसाय करणारी व्यक्ती म्हणून महाराष्ट्रात तीस दिवसांच्या आत नाव नोंदवायचे असते आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. पुढे नोकर ठेवले की त्यांच्या पगारातून कापायच्या करासाठी वेगळी नोंदणी लागते. जीएसटीबद्दल सगळे जण फक्त "चाळीस लाखांपर्यंत लागत नाही" एवढेच ऐकून असतात. आपल्या राज्यात वस्तूंसाठी चाळीस लाख आणि सेवांसाठी वीस लाख ही मर्यादा आहे, हे बरोबर आहे. पण वस्तू परराज्यात विकल्या, तर काही मोजके अपवाद वगळता, उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. भाचीची पहिली मोठी मागणी इंदूरहून आली आहे. त्या माणसाने तिला हे विचारलेसुद्धा नाही.

मला कल्पना आहे की काही जण म्हणतील, पोर्टल अडकते, ओटीपी येत नाही, सामान्य माणसाने एजंटकडे जायचे नाही तर कोणाकडे जायचे? पोर्टल अडकते, हे खरे आहे. सगळेच एजंट लबाड नसतात, हेही खरे, आणि चांगल्या सीएने घेतलेली फी मला कधीच जड वाटलेली नाही. पण मोफत गोष्ट विकत देणे आणि वर खोटी ग्वाही देणे याला सेवा म्हणत नाहीत. तिच्या दारात उद्या औषध निरीक्षक उभा राहिला, तर तो माणूस फोन उचलणार आहे का? आमच्या वेळी ज्या टायपिस्टने "नोटरी झाली की झाले" असे सांगितले होते, तोही नंतर "मी फक्त टाईप करून देतो" असे म्हणून मोकळा झाला होता.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, तर ज्या उद्यमवरून हे सुरू झाले त्याबद्दल न्यायाने दोन शब्द लिहिते. ती नोंदणी मोलाची आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते आणि तक्रारीसाठी सुलभीकरण परिषद, म्हणजे अशी थकबाकीची प्रकरणे ऐकणारी सरकारी परिषद, आहे. मात्र नोंदणी माल देण्याआधी झालेली असावी, थकबाकी झाल्यावर नव्हे. आमच्या काळी हा कायदा नव्हता. असता, तरी आम्ही नोंदणीचा तो अर्जही कदाचित कुठल्यातरी नोटरीकडे नेला असता, कारण आम्हाला समजावून सांगणारे कोणी नव्हते. भाचीला सांगणारी मी आहे आणि तरीही तिने आधी त्या माणसाला फोन केला, हे मला आज फार लागले. मावशी रागावेल, असे तिला वाटले असणार. आणि मी रागावलेच.

संध्याकाळी तिला पुन्हा फोन केला. तिने इंदूरच्या बाईंना कळवून मागणी तूर्त थांबवली आहे. पैसे कापले गेल्याची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवायला तिला सांगितले आहे. सोमवारी आम्ही दोघी, आणि तिची ती भागीदार मैत्रीणही, अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाणार आहोत. आपल्यापैकी कोणी सौंदर्यप्रसाधनांचा उत्पादन परवाना स्वतः अर्ज करून घेतला असेल, तर जागेच्या तपासणीच्या वेळी नेमके काय काय पाहिले गेले, ते कृपया खाली सविस्तर लिहावे.