गुलाबी खडे आणि बाळाची बुद्धी

भाचीला चौथा महिना लागलाय. परवा तिच्याकडे जेवताना मिठाची वाटी पुढे ओढली, तर आत गुलाबी खडे. "मावशी, आयोडीनचं मीठ बंद केलंय आम्ही," म्हणाली आणि मोबाइल पुढे केला. 'बुद्धिमान बाळासाठी गर्भवतीने पाळायचे नियम', सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आलेले.

आधी मिठाचंच बोलते, कारण संताप त्याचाच आला. मेसेज म्हणतो, आयोडीन हे रसायन, त्याने बाळाचा मेंदू मंद होतो, म्हणून सैंधव खा. नेमकं उलटं आहे! मेंदू घडायला थायरॉइडचं संप्रेरक लागतं आणि ते आयोडीनशिवाय बनत नाही. साधारण पाचव्या महिन्यापर्यंत बाळाची भिस्त आईच्याच थायरॉइडवर असते. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना गर्भवतीला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम आयोडीन घ्यायला सांगते, इतर मोठ्यांना 150. 2013 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडच्या ब्रिस्टल भागातल्या हजारभर मायलेकरांचा अभ्यास आला. पहिल्या तिमाहीत ज्या आयांना आयोडीन कमी पडलं होतं, त्यांची मुलं आठव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यांकात आणि नवव्या वर्षी अचूक वाचनात मागे असण्याचं प्रमाण जास्त निघालं. ही कमतरता फार मोठीही नव्हती, सौम्य ते मध्यम होती.

आयोडीन अती झालं तरी थायरॉइड बिघडतो, एवढं मान्य. पण रोजच्या भाजी-आमटीतल्या मिठाने ते अती होत नाही. सैंधवात इतर खनिजं असतात हेही खरं, पण चिमटीभर मिठातून ती मिळणार किती?

मेसेजातला पुढचा नियम: 'लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं.' गोळ्यांनी आईला शौचाला काळं होतं, बाळाच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला, आणि हिच्या फ्रिजवर लाल गोळ्यांची अख्खी पट्टी पडून! लोह बाळाच्या मेंदूलाही लागतं.

'केशरदुधाने बाळ गोरं होतं' असंही त्यात आहे. केशराने रंग उजळत नाही, दूध मात्र प्यावं. बदाम खुशाल खावेत. 'कमी खा, बाळंतपण सोपं जाईल' हा सल्ला तर कमी वजनाच्या बाळाला आमंत्रण आहे.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे होतं आयोडीन?" नव्हतं, आणि आयोडीन कमी पडलं की गळ्याला गलगंडाची सूज येते, म्हणूनच 1962 साली सरकारला राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम काढावा लागला, हे त्यांना शांतपणे सांगितलं. मग खाली जाऊन आयोडीनच्या मिठाची पुडी आणली आणि बरणी मीच भरून ठेवली.