विटेला रंग, आणि ‘ओल्या भिंतीच्या घरात कधी दिवस काढलेत का?’

‘उघड्या विटांच्या भिंतीला बाहेरून रंग द्यावा का?’ या माझ्या मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती मी पुसलेली नाही, पुसणारही नाही. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती इथे देतो:

“लेख वाचून हसू आलं. वीट गुदमरते म्हणे! विटेला काय नाक असतं? आजकाल श्वास घेणारे रंग मिळतात हे लेखकाच्या गावीही नाही. रंग ‘कधीच निघत नाही’ हे तर साफ खोटं, वाळूचा मारा केला की भिंत नव्यासारखी होते. आमची पश्चिमेची भिंत दर पावसात ओली होते. रंगाने ती ओल बंद होईल आणि घरही उजळ दिसेल. आरामखुर्चीत बसून उपदेश करणाऱ्यांनी ओल्या भिंतीच्या घरात कधी दिवस काढलेत का? असो, रविवारी आमचा रंगारी येतोय.”

स्पष्टवक्ते, सुरुवात तुमच्या बाजूने करतो. ‘कधीच’ हा शब्द माझा चुकला. मूळ लेखात आज दुरुस्ती केली आहे. रंग सोडवणारा लेप भिंतीला थापायचा, तो सांगितलेला वेळ ठेवायचा, मग खरवडून धुवायचं, असं केलं तर बराच रंग निघतो. विटेच्या छिद्रांत आणि दर्जांत, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, मुरलेला मात्र मागे राहतो, आणि भिंत पूर्वीसारखी दिसत नाही. ही चूक दाखवलीत, आभार.

पण एका शब्दातल्या अतिशयोक्तीला ‘साफ खोटं’ म्हणत नाहीत. खोटं बोलणाऱ्याला त्यातून काहीतरी साधायचं असतं. मी रंग विकत नाही, विटा विकत नाही, कुणाचं कंत्राट घेत नाही. आणि ज्या वाक्यात मला खोटं ठरवलंत, त्याच वाक्यात तुम्ही वाळूच्या माऱ्याचा सल्ला देऊन मोकळे झालात. तुमचं ऐकून कुणी तसं केलं तर त्याची भिंत कायमची जाईल. भट्टीत भाजताना विटेच्या बाहेरच्या अंगाला कठीण साल येते. आतला गाभा त्या मानाने मऊ आणि सच्छिद्र असतो. वाळूच्या माऱ्याने रंगाबरोबर ती सालही जाते, आणि मग वीट पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करणारे लोक या पद्धतीविरुद्ध कित्येक दशकं सांगत आले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने तर यावर १९७९ साली स्वतंत्र पुस्तिकाच काढली. तुम्हाला भिंत नव्यासारखी दिसली असेल तर ती पहिले काही दिवस दिसली असेल.

आता ‘म्हणे’विषयी. ‘गुदमरते’ हा शब्द मी आणला तो एका गवंड्याकडून. चाळीस वर्षं थापी धरलेला माणूस. तो हे केव्हा म्हणाला ते पुढे सांगतो. विटेला नाक असतं असं त्यालाही म्हणायचं नव्हतं. जमीन तहानली म्हणतो, ढेकूळ पाणी प्यायलं म्हणतो, तसंच हे. ज्यांनी हातांनी काम केलंय ते असंच बोलतात, आणि त्यांच्या बोलण्याला हसण्याआधी आपण त्यांच्या पायरीपर्यंत तरी पोहोचलोय का, हे बघावं.

हे उत्तर लिहायला बसलो ते मात्र तुमच्या एका वाक्यामुळे. ‘ओल्या भिंतीच्या घरात कधी दिवस काढलेत का?’

काढलेत. नऊ वर्षं काढलीत. आजोबांनी बांधलेलं घर, चुन्यात रचलेल्या उघड्या विटांचं. आणि ओली व्हायची ती आमचीही पश्चिमेचीच भिंत. आईचं कपाट त्या भिंतीला टेकून होतं. पाऊस सुरू झाला की पंधरा दिवसांत कपाटाच्या पाठीला बुरशी धरायची आणि कपड्यांना तो वास लागायचा, जो कितीही उन्हात घातले तरी जात नाही. धाकट्या बहिणीला दम्याचा त्रास. तिची खाट आम्ही दर पावसात त्या खोलीतून हलवायचो. हे सगळं मी मूळ लेखात लिहिलं नाही, कारण तो लेख विटेवर होता, माझ्यावर नव्हता. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय.

१९९८ साली मी नुकता नोकरीला लागलो होतो. घरासाठी काहीतरी करून दाखवायची घाई होती. रंगाऱ्याने सांगितलं, आता रबरासारखे ताणले जाणारे रंग निघालेत, दोन हात मारले की पाण्याचा थेंब आत येणार नाही. बाबा म्हणाले, “आधी पाणी येतंय कुठून ते बघू या.” मी ऐकलं नाही. मी त्यांच्याशी वाद घातला, आणि मला आठवतंय, जवळपास तुमच्याच शब्दांत घातला. तुम्ही जुन्या काळात अडकलात, आता साहित्य बदललंय, वगैरे. शेवटी ते गप्प बसले आणि भिंतीला रंग लागला.

पहिला पाऊस भिंत कोरडी गेली. दुसराही. तिसऱ्या पावसात कमरेच्या उंचीवर रंगाला फुगे आले. एकाला खिळ्याने टोचलं तर आतून पाण्याची धार लागली. पत्र्याने खरवडायला घेतलं तेव्हा रंगाचे पोपडे हातात आले, आणि प्रत्येक पोपड्याच्या मागे विटेचा लाल थर चिकटलेला होता. खाली मिठासारखी पांढरी भुकटी. अंगठ्याने दाबलं तर वीट चुरत होती. आजोबांच्या हयातीपासून ऊन-पाऊस सोसलेली वीट माझ्या रंगाने तीन वर्षांत खाल्ली.

मग तो गवंडी आला. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, “भिंत गुदमरली हो. वरून पितेय, आणि बाहेर टाकायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.”

वरून म्हणजे कुठून, ते त्याने शिडी लावून दाखवलं. छपराच्या पन्हळीचा एक सांधा उखडला होता. पाणी पागोळ्यांनी बाहेर पडायच्या ऐवजी भिंतीच्या माथ्यावर उतरत होतं आणि आतल्या आत झिरपत होतं. त्यात भर म्हणजे कधीतरी कुणीतरी चुन्याच्या जुन्या दर्जांवर कडक सिमेंटच्या दर्जा भरल्या होत्या. भिंतीतली ओल बाहेर पडते ती बरीचशी दर्जांतून, दर्जा विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतील तर. सिमेंटने ती वाट बंद केली, तेव्हा सगळा भार विटेवर आला. नंतर मी रंग लावून विटेचीही वाट बंद केली. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाकडे येतात. पृष्ठभाग मोकळा असेल तर पाणी उडून जातं आणि क्षार बाहेर पांढरे दिसतात, ते कोरड्या खराट्याने झाडता येतात. पृष्ठभाग बंद असेल तर क्षार रंगाच्या मागे, विटेच्या पोटात स्फटिक होतात. स्फटिक वाढताना जागा मागतात आणि विटेची साल आतून ढकलतात. यालाच आपल्याकडे लोणा लागला म्हणतात. जिथे पाणी गोठतं तिथे बर्फही हेच काम करतो, कारण गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं.

दुरुस्तीला दोन हंगाम गेले. आधी पन्हळ. मग लेप लावून रंग काढला. सिमेंटच्या दर्जा छिन्नीने हलक्या हाताने उकरल्या, दर्जेच्या रुंदीच्या अडीच पट खोल, म्हणजे १० मिलिमीटरच्या दर्जेला २५ मिलिमीटर, आणि पुन्हा चुन्याने भरल्या. ज्या विटांचं तोंड गेलं होतं त्यांतल्या काही त्याने अलगद काढून उलट्या फिरवून बसवल्या, आतली चांगली बाजू बाहेर. काही टाकूनच द्याव्या लागल्या. भिंत पूर्ण सुकायला वर्षाहून जास्त काळ गेला. आज ती कोरडी आहे, पण ठिगळ लावल्यासारखी दिसते. बाबांनी मला त्यावरून एक शब्द कधी बोलून दाखवला नाही. ते आता नाहीत. भिंत आहे.

त्यामुळे आरामखुर्ची वगैरे दुसऱ्या कुणाला ऐकवा. तो लेख मी लिहिला, कारण १९९८ साली मला तो कुणी वाचून दाखवायला हवा होता.

‘श्वास घेणारे रंग’ माझ्या गावी नाहीत, असं तुम्ही म्हणता. मूळ लेखातला सहावा परिच्छेद त्यांच्यावरच आहे. तुम्ही तिथवर वाचलं नाही, हे मला तुमच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. तरी पुन्हा सांगतो. डब्यावर ‘श्वास घेणारा’ असं लिहिलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. रंगाचा थर वाफेला किती अडवतो हे मोजता येतं. तेवढीच वाफ अडवायला स्थिर हवेचा किती जाडीचा थर लागेल, ती जाडी मीटरमध्ये सांगतात आणि तिला एसडी मूल्य म्हणतात. युरोपातल्या ईएन १०६२ या मानकात ०.१४ मीटरच्या खाली असेल तर वाफ सहज जाऊ देणारा रंग, १.४ मीटर किंवा जास्त असेल तर अडवणारा, आणि बाकीचे मधले. तुमच्या रंगाऱ्याने आणलेल्या डब्याच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा. नसेल तर कंपनीला विचारा. आणि एक लक्षात घ्या, हा आकडा वाफेचा आहे. माथ्यावरून पन्हळीचं पाणी उतरत असेल तर ते पाण्याच्याच रूपात भिंतीत भरतं, आणि कितीही मोकळा रंग असला तरी तेवढं पाणी तेवढ्या वेगाने वाफ होऊन बाहेर पडणार नाही.

खऱ्या अर्थाने मोकळे म्हणावेत असे दोनच प्रकार मला ठाऊक आहेत. एक चुन्याचा पातळ हात. भिंत ओलसर करून, पातळ थरांवर थर देत. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. तो झिजतो, काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठेपणा आहे, कारण मत बदललं तर परतीची वाट राहते. दुसरा सिलिकेट रंग. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी जर्मनीत १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यात पोटॅशियम सिलिकेट असतं, ते विटेतल्या खनिजांशी रासायनिक जोड करतं, त्यामुळे पापुद्रा धरत नाही आणि सोलून येत नाही. पण तो लागला की लागला. आणि आधी साधा रंग दिलेल्या भिंतीवर त्याची ती जोड होतच नाही, म्हणजे आधी एक करून बघू आणि मग दुसरा, हेही जमत नाही.

घर उजळ दिसेल, हा तुमचा मुद्दा. दिसेल. त्यावर माझं काही म्हणणं नाही, ती आवड आहे. मूळ लेखात रंगाला सरसकट विरोधही नव्हता. आधीच रंगवलेली भिंत पुन्हा रंगवावी असंच मी म्हटलं होतं. काही घरांच्या विटा मुळातच हलक्या प्रतीच्या, रंगाच्या किंवा गिलाव्याच्या भरवशावर घातलेल्या असतात. त्या उघड्या पाडू नयेत, हेही तिथे होतं. हे तुम्ही सोडून दिलंत आणि एका ‘कधीच’ला धरून बसलात.

राहिला रविवार. तुमचा रंगारी यायच्या आधी एक काम करा. कोरड्या दिवशी पाण्याची नळी घेऊन छपरावर जा आणि पश्चिमेच्या पन्हळीत पंधरा मिनिटं पाणी सोडा. खाली घरातलं दुसरं माणूस भिंतीकडे बघत उभं राहू दे. पाणी कुठे उतरतंय ते दिसेल. काहीच उतरलं नाही तर नळी घेऊन भिंतीवर खालून वर, एकेक हात चढत पाणी मारा, म्हणजे कुठली दर्जा पीत आहे ते कळेल. ओल जमिनीपासून कंबरेपर्यंतच असेल आणि वर भिंत कोरडी असेल, तर पाणी खालून चढतंय, जोत्याकडे बघा. तोवर डबा उघडू नका. उघडला नाही तर परत तरी करता येतो.

काय दिसलं ते इथेच लिहा. भिंतीबद्दल जे विचाराल त्याला उत्तर देईन. खोटं, हसू, आरामखुर्ची हे पुन्हा आलं तर त्या प्रतिक्रियेला उत्तर मिळणार नाही.