चौघांचा एक टी टाइम

गोल्फ खेळणं अवघड असतं म्हणे. असेलही, पण चार जणांना घेऊन रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर जायचं नुसतं ठरवून बघा, मग सांगा अवघड कशाला म्हणतात ते. चारच का, तर एका टी टाइमला (म्हणजे खेळ सुरू करायला दिलेल्या ठरावीक वेळेला) बहुतेक ठिकाणी जास्तीत जास्त चौघं सोडतात, आणि तिघंच गेलो तर चौथा म्हणून कुणीतरी अनोळखी माणूस आपल्यात घालू शकतात. अनोळखी माणसासमोर चेंडू जागच्या जागी ठेवून नुसती हवा कापायची म्हणजे फारच झालं, ओळखीच्यांना निदान सवय झालेली असते.

तर ग्रुपवर विचारलं, सकाळी की दुपारी? एकाला पहाटेचा पहिलाच टी टाइम हवा, कारण तेव्हा वारा कमी असतो आणि ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, कुणाच्या बुटांचे ठसे नसतात (हा माणूस ऑफिसला आजवर वेळेवर पोचलेला नाही). दुसऱ्याला ट्वायलाइट रेट हवा, म्हणजे दुपार कलल्यावर स्वस्तात देतात तो. अरे पण 18 होलना चौघांना चार-साडेचार तास लागतात, आपल्याला त्याहून जास्तच, म्हणजे शेवटचे होल मोबाइलच्या टॉर्चवर खेळायचे का? तिसरा फक्त अंगठा टाकतो. दोन्ही मेसेजना.

मग बुकिंगचा फॉर्म. त्यात हँडिकॅपचा रकाना, म्हणजे खेळ जितका कच्चा तितकी जास्त मिळणारी फटक्यांची सूट. हँडिकॅप जास्तीत जास्त 54 पर्यंत मिळतो, म्हणजे पार 72 च्या (72 फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या) कोर्सवर ढोबळ हिशेबाने 126 फटके मारूनही माणसाची इज्जत शाबूत राहते. तरी आमच्यातल्या एकाने विचारलंच, याच्या वरचं काही नाही का?

ड्रेस कोडचं एक वेगळंच. कॉलर पाहिजे, जीन्स नको, मेटल स्पाइकचे बूट तर अजिबात नकोत. ठीक आहे. पण सामानाचं काय? नियमाने बॅगेत 14 क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) चालतात म्हणून पहाटेवाल्याला 14 च्या 14 न्यायचेत, विमानात एवढी लांब बॅग न्यायची तर एअरलाइनची कटकट वेगळी, तिथे भाड्याने सेट मिळतो असं हजारदा सांगून झालं. त्यातले तो तीनच वापरतो, आणि एक पाठ खाजवायला. मी मात्र चेंडूंचा हिशेब कोर्सचा नकाशा उघडून करतो, जेवढं निळं तेवढे चेंडू जास्त. 2019 पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी 3 मिनिटंच मिळतात, नियम करणाऱ्यांनी आमचा खेळ बघितला असावा.

सगळं जमलं, ॲडव्हान्स भरला आणि रिसॉर्टचा मेल आला की त्याच आठवड्यात ग्रीनचं एरेशन आहे. म्हणजे मुळांना हवा मिळावी म्हणून सगळ्या ग्रीनवर बारीक बारीक भोकं पाडतात आणि वर वाळू पसरतात. आम्हाला 108 मिलिमीटरचं एक भोक सापडत नाही, तिथे ही हजारो! चेंडू उड्या मारत जाणार, पुट (ग्रीनवरून भोकाकडे ढकललेला फटका) सरळ जायचा नाही, हवं तर तारीख पुढे ढकलून देतो असं बिचाऱ्यांनी फार नम्रपणे लिहिलं होतं.

ग्रुपवर टाकलं. आणि पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं, अंगठेवाल्याने तर चक्क टाइप केलं, 'तारीख बदलायची नाही, इतकं चांगलं कारण परत मिळणार आहे का.'