विहिरीत डोकावता येतं, बोअरमध्ये नाही

कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याच्या काळजीचा विषय निघाला की आपण पाऊस आणि बाजारभावावर बोलून मोकळे होतो. जमिनीखालचं पाणी दिसत नाही, म्हणून बोलण्यातही येत नाही.

बोअर मारताना कधी शेजारी उभे राहिलायत? मी एकदा राहिलोय. गाडीच्या आवाजात बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नाही. रॉडमागून रॉड खाली जातो आणि वर येतो नुसता दगडाचा फुफाटा. मालकाची नजर त्या भुकटीवरून हलत नाही. मध्येच ती ओलसर दिसते, सगळे दोन पावलं पुढे सरकतात. पुढच्या रॉडला पुन्हा कोरडी. मग गाडीवाला विचारतो, “अजून शंभर फूट जायचं का?” हिशेब फुटावर. थांबावं तर आतापर्यंतचे पैसे पाण्यात गेले (पाणी नसताना पाण्यात!), जावं तर उसने आणायचे. हा निर्णय माणूस त्या गोंगाटात दोन मिनिटांत घेतो आणि पुढची काही वर्षं फेडत बसतो.

खोल गेलं की पाणी लागतंच, हा समज फार महागात पडतो. कठीण खडकाच्या प्रदेशात पाणी असतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि त्याखालच्या भेगांत. खोल जावं तशा भेगा कमी होत जातात. काही ठिकाणी खालच्या पाण्यात फ्लोराइडही जास्त. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि शेतावर राहणारे तेच पाणी पितात.

भूजलाने शेतकऱ्याचं भलंही खूप केलं. कालव्याच्या पाळीसाठी पीक थांबत नाही. स्वतःचं पाणी असलं की हवं तेव्हा देता येतं. पावसाने महिनाभर दडी मारली तरी एक-दोन पाण्यावर पीक हाती लागतं. झोप लागते ती या भरवशावर. आणि याच भरवशावर माणूस फळबाग लावतो.

तिथेच तो अडकतो. हंगामी पीक गेलं तर हंगाम गेला. बाग वाळली तर कित्येक वर्षं गेली. म्हणून काहीही करून ती जगवायची: टँकर, नवं बोअर, पुन्हा नवं बोअर. शेजाऱ्याने आपल्यापेक्षा खोल मारलं की आपली मोटार उचक्या द्यायला लागते, आणि एका बांधाची माणसं बोलेनाशी होतात. विहिरीचं बरं होतं. डोकावलं की कळायचं, किती परस पाणी आहे, पुढचं पाणी निघेल की नाही. बोअरचा अंदाज मोटारीच्या आवाजावरून बांधायचा, तोही बऱ्याचदा अपरात्री, वीज येईल तेव्हा.

माझं मत असं झालंय की पाणी कमी असण्यापेक्षा ते किती उरलंय हे न कळणं माणसाला जास्त पोखरतं. भारतात वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसलं जातं, त्यातलं ८७ टक्के शेतीला. आणि बहुतेकांना आपल्याच बोअरची पातळी माहीत नसते!

आंध्र प्रदेशात २००० नंतरच्या दशकात सात दुष्काळी जिल्ह्यांत नेमकं यावरच काम झालं. शेतकऱ्यांनीच पाऊस मोजला, बोअरची पातळी मोजली आणि रब्बीच्या आधी पाण्याचा ताळेबंद मांडला. बंदी नव्हती, अनुदानही नव्हतं. तरी बऱ्याच जणांनी भात कमी करून कमी पाण्याची पिकं घेतली. अमेरिकेत कॅन्ससच्या शेरिडन काउंटीतल्या शेतकऱ्यांनी २०१३पासून पाच वर्षं उपसा २० टक्के घटवायचं आपसात ठरवलं आणि त्याला कायद्याचं बळ घेतलं. उत्पादन किंचित उतरलं, खर्चही उतरला, नफा टिकला.

नुसत्या ठिबकने उपसा घटत नाही, कारण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर वाढतो. मीही वाढवला असता.

पातळी मोजायला एक टेप, टोकाला वजन आणि आठवड्याला वहीत एक ओळ. गाडी बोलावण्याआधी शिवारातल्या दहा बोअरचे असे आकडे त्या मालकाच्या हातात असते तर? त्या दिवशी “अजून शंभर फूट”ला त्याने नुसती मान हलवली. तेही शंभर कोरडेच गेले.