दाराला किल्ला

एकाच घरात तीन पिढ्या रशियन भाषा शिकल्याचं कुणीतरी लिहिलेलं वाचून हसू आलं, आमच्याकडेही तेच: आजोबा, मी नि लेक. आजोबांच्या सोव्हिएत काळातल्या पाठ्यपुस्तकात पानोपानी 'तवारिश', म्हणजे कॉम्रेड. लेकीच्या अ‍ॅपमध्ये तो शब्द औषधालाही नाही. व्याकरण मात्र तेच, सहा विभक्त्या नि तीन लिंगं. लिंगांचं मराठी माणसाला काही वाटत नाही म्हणा. रडवतात ती 'जाणे'ची क्रियापदं. पायी जायचं तर 'इत्ती', वाहनाने 'येखत्'. नेहमीच्या जाण्यायेण्याला परत 'खदीत्' आणि 'येझ्दित्' वेगळीच! तिथे आम्ही तिघंही आपटलो. आघाताची, म्हणजे शब्दात कुठे जोर द्यायचा त्याची, तर बातच सोडा. 'झा'वर जोर दिला तर 'झामक' म्हणजे किल्ला, शेवटी दिला तर 'झमोक', कुलूप. मी एकदा दाराला किल्ला लावून आलो होतो, लेक अजून चिडवते.