खुलासा : स्पर्धेसाठी कथेची कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही

‘कथास्पर्धेआधी कॉपीराइट नोंदवा, नाहीतर कथा आयोजकांची होते, नोंदणी जमत नसेल तर आधी फेसबुकवर टाका’ असा मेसेज ठाणे, कळवा, वाशीकडच्या लेखकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कथा लिहिली की हक्क आपोआप लेखकाचा होतो आणि मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. नोंदणी ऐच्छिक आहे. वादात पुरावा म्हणून ती कामी येते खरी, पण अर्जानंतर हरकतींसाठीच ३० दिवस थांबावं लागतं. तेवढ्यासाठी स्पर्धेची शेवटची तारीख चुकवू नका.

खरी काळजी घ्यायची ती प्रवेशिकेवर सही करताना. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायला लेखी, सही केलेला करार लागतो. ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ या ओळीखाली सही केलीत, तर नोंदणी असूनही हक्क जाऊ शकतात. हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलेलं नसेल तर कायदा ५ वर्षे धरतो. विजेती कथा एकदा छापण्यापुरती परवानगी मागणं मात्र रास्तच.

फेसबुकचा सल्ला तर थेट नुकसान करणारा आहे. बहुतेक स्पर्धांना अप्रकाशित कथा लागते आणि पोस्ट टाकलेली कथा प्रकाशित धरून बाद होऊ शकते. तारखेचा पुरावा हवा असेल तर स्वतःलाच ईमेल करा आणि कच्चे खर्डे जपा.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.