बीएलडीसी डीसीवर, सर्वो एसीवर? दोन्हीही नाही

आयटीआय आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. त्यानुसार बीएलडीसी (ब्रशलेस डीसी, म्हणजे ब्रश नसलेली) मोटर डीसीवर चालते आणि सर्वो (नेमक्या जागी थांबवता येणारी मोटर) एसीवर. एसीमुळे सर्वोची ताकद जास्त असते. शिवाय बीएलडीसी नेमक्या जागी थांबत नाही, म्हणून सीएनसीला (संगणकाने नियंत्रित यंत्राला) ती निरुपयोगी आहे. यातले पहिले विधानच चुकीचे आहे.

सध्याच्या बहुतेक एसी सर्वो मोटरींच्या आणि बीएलडीसीच्या रोटरवर (फिरणाऱ्या भागावर) कायमस्वरूपी चुंबक असतात, तर स्टेटरमध्ये (स्थिर भागात) तीन फेजचे वाइंडिंग (तारेची वेटोळी) असते. बीएलडीसीच्या तीनपैकी दोन वायरींना बेताच्या करंटचा डीसी पुरवठा थेट जोडला, तर शाफ्ट एक झटका घेऊन तिथेच अडकतो. तो फिरत राहावा यासाठी रोटरच्या स्थितीनुसार वाइंडिंगमधल्या करंटची दिशा बदलत राहावी लागते आणि ते काम ड्राइव्ह (मोटर चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) करतो. उलट, २३० व्होल्टच्या सर्वो ड्राइव्हमध्ये आलेल्या एसीची आधी सुमारे ३२५ व्होल्टची डीसी होते आणि तिच्यापासून मोटरीसाठी हव्या त्या फ्रीक्वेन्सीची एसी तयार केली जाते. म्हणजे ड्राइव्हच्या आत दोन्हीकडे डीसी आणि मोटरीच्या टर्मिनलवर दोन्हीकडे एसीच असते.

खरा फरक लहरीच्या आकारात आहे. मोटर बाहेरून फिरवून तिच्यात तयार होणारे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर (लहर दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिले, तर सर्वसाधारण बीएलडीसीची लहर सपाट माथ्याची आणि सर्वोची साइन आकाराची दिसते. बीएलडीसीचा साधा ड्राइव्ह दर ६० विद्युत अंशांनी (विद्युत चक्राच्या सहाव्या भागाने) फेजची जोडी बदलतो, त्यासाठी रोटरच्या चुंबकाची जागा ओळखणारे तीन हॉल सेन्सर पुरतात. मात्र प्रत्येक बदलाच्या वेळी टॉर्क (फिरवण्याचा जोर) डगमगतो आणि संथ वेगात ते जाणवते. साइन लहरीच्या मोटरीला असा ड्राइव्ह लावला, तर आदर्श स्थितीतही टॉर्क कमाल मूल्यापासून सुमारे १३.४ टक्क्यांनी खाली येतो. इथे सर्वो सरस आहे, हे मान्यच.

ताकदीचा मुद्दा व्होल्टेजशी गल्लत करणारा आहे. ७५० वॉटसाठी ४८ व्होल्टवर सुमारे १६ अँपिअर लागतात, ३२५ व्होल्टवर जेमतेम २.३, त्यामुळे केबल बारीक होते, पण टॉर्क ठरतो तो चुंबक, तांबे, आकारमान आणि थंडाव्यावर.

राहिला जागी थांबण्याचा प्रश्न. ती करामत एन्कोडर (शाफ्टची स्थिती मोजणारे उपकरण) आणि ती स्थिती पाहून सतत दुरुस्ती करणाऱ्या बंद नियंत्रण-साखळीची आहे. १७ बिटांचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग मोजतो. तो बीएलडीसीवर बसवून साइन करंट देणारा ड्राइव्ह जोडला, की तीही सर्वोच होते. कॅमेऱ्याच्या गिंबलमध्ये (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेत) अशाच मोटरी असतात. पंख्याला किंवा पंपाला मात्र एवढा खर्च करण्यात अर्थ नाही, तिथे हॉल सेन्सरही अनेकदा गाळले जातात.